धाकट्याचा जबडा

आमच्या घरात कोणी भांडत नाही. ही गोष्ट दादा आल्यागेल्याला छाती फुगवून सांगतो, आणि ती खरी आहे. आमच्या घरात माणसं भांडत नाहीत, आजारी पडतात. दादाला एखादी गोष्ट पटली नाही की त्याच्या छातीत कळ येते. वहिनीला नको असलेलं माणूस जिन्यात दिसलं की तिचं अर्धं डोकं ठणकायला लागतं, आणि ते माणूस जिना उतरून गेलं की ती उठून केस विंचरते. बाबा होते तेव्हा त्यांची कंबर धरायची. कधी धरायची, तर आईने माहेरी जायचा विषय काढला की. यातलं एकही दुखणं खोटं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते. सोंगं केली असती तर मी त्यांना थोडा तरी मान दिला असता, कारण सोंग वठवायला अक्कल लागते. यांना खरंच दुखायचं. घाम फुटायचा, ओठ पांढरे पडायचे, आणि बाकीचे सगळे धावपळ करायचे. ज्या गोष्टीवरून हे सुरू झालं ती गोष्ट तेवढ्यात विसरली जायची.

मी या घरातली मधली. दादाच्या दंतवैद्यकीच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, फोन घेते, सुजलेल्या गालांना वेळ ठरवून देते. लग्न केलं नाही, आणि केलं नाही याचं वाईट वाटावं असा एकही नवरा मला आजूबाजूला दिसला नाही. मनात येईल ते बोलून टाकते, त्यामुळे घरात माझ्या वाटेला कोणी जात नाही.

धाकटा आमच्यात शेवटचा. पन्नाशी उलटली तरी घरात त्याला धाकटाच म्हणतात. खाली दवाखाना, वर आम्ही, आणि दवाखान्याच्या मागे एक खोली, तिच्यात तो. तिथे तो कवळ्या बनवायचा. दादाने पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतला की तो मागे जायचा. मग धाकटा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरड्या करायचा, त्यात दात बसवायचा, घासायचा, चकाकी आणायचा. त्याच्या भुवयांवर कायम पांढरी भुकटी असायची. आता तुम्हाला वाटेल, मागच्या खोलीत बसलेला हा कोणी मोठा कलावंत असणार. मुळीच नाही. त्याच्या कवळ्या बऱ्या असायच्या, इतकंच. काही टोचायच्या, काही हसताना खाली घसरायच्या. पण बऱ्या बसल्या तर पेशंट दादाचे हात हातात घेऊन आभार मानायचे, आणि टोचल्या तर दादा मागच्या दाराकडे बघून मान हलवायचा. पेशंटने काय ते समजून घ्यायचं. धाकट्याला हे दारातून दिसायचं. तो मशीन सुरू करायचा.

हे सगळं त्याने वर्षानुवर्षं मूग गिळून बघितलं. मला त्याची दया आली नाही, चीड आली. "एकदा बोल ना त्याला," मी म्हणायची. तो म्हणायचा, "जाऊ दे ताई." हे दोन शब्द त्याच्या तोंडी इतके बसले होते की मला ऐकूनच हात उचलावासा वाटायचा.

मग त्याच्यासारखंच कवळ्या करणाऱ्या एका जुन्या मित्राने दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढलं आणि त्याला बोलावलं. नोकर म्हणून नाही, बरोबरीने. समुद्र जवळ, वर राहायला खोली, आणि दारावर दोघांची पाटी. धाकट्याने मला हे जिन्यात सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "रविवारी जेवताना दादाला सांगतो," तो म्हणाला.

रविवारी आम्ही सगळे एका टेबलावर जेवतो. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, धाकटा आणि मी. मुलगा नुकताच दंतवैद्य होऊन आला होता आणि बोलताना प्रत्येकाच्या दातांकडे बघायचा. धाकट्याने घसा खाकरला. दादाने वर बघितलं. धाकट्याने तोंड उघडायला घेतलं आणि ते उघडलंच नाही. दातखीळ बसते म्हणतात ना, तशी, पण खरोखरीची. कानाखालचे दोन्ही स्नायू लिंबाएवढे फुगले. दातावर दात घट्ट, मधून पातळ चमचासुद्धा जाईना. दातांच्या फटीतून तो "हं" म्हणू शकत होता. एवढाच एक शब्द घराला त्याच्याकडून हवा होता, त्यामुळे पहिले काही दिवस कोणाचं फारसं अडलं नाही.

दादाला मात्र हुरूप आला. घरच्याच माणसाचा जबडा, आणि तो स्वतः दातांचा डॉक्टर. त्याने शेक दिले, गोळ्या दिल्या, गालावरून कसलीशी वीज सोडली. लाकडी पट्ट्या दातांत सारून रोज थोडं थोडं उघडायला लावलं. धाकटा नळीने सूप प्यायचा. दूध, सूप, फळांचा रस, पुन्हा सूप. त्याची पँट कमरेवरून उतरायला लागली. शर्टाच्या कॉलरमध्ये मान अशी दिसायची की मी समोर बसायचं टाळायला लागले. आणि दादा रोज संध्याकाळी दिव्याखाली त्याला बसवून, दोन बोटं जबड्यावर ठेवून म्हणायचा, "उघड." धाकटा प्रयत्न करायचा. घामाघूम व्हायचा. मी शपथेवर सांगते, तो खरोखर प्रयत्न करायचा.

शेवटी दादाने ठरवलं की पूर्ण भूल देऊन बघायचं. मोठ्या रुग्णालयात नेलं. मी बाहेर बसले होते. नंतर कळलं ते असं की भूल चढताच धाकट्याचा जबडा आपोआप उघडला. कोणी हात लावायच्या आत, जांभईला उघडावा तसा, पूर्ण. आता शेंबड्या पोरालाही इथे प्रश्न पडला असता की झोपेत उघडणाऱ्या जबड्याला जागेपणी कोण बंद करतं. दादाला तो पडला नाही. तोंड उघडं आहे, वेळ ठरलेली आहे, अवजारं तयार आहेत, एवढंच त्याला दिसलं. जागा अडते आहे असं म्हणून त्याने मागच्या दोन दाढा काढल्या. दोन्ही धडधाकट. दंतवैद्याच्या घरात जन्माला आलं की दुखणं कुठलंही असो, दात जातात.

धाकटा शुद्धीवर आला आणि जबडा पुन्हा मिटला. दादा म्हणाला, सूज आहे, उतरेल. पुढच्याच आठवड्यात माझा हा भाऊ मागच्या खोलीत बसून स्वतःसाठी दोन खोट्या दाढा घडवत होता. तोंड उघडल्याशिवाय त्या बसणार कशा, हे त्याला विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी दाराशी उभी राहिले आणि मला इतका राग आला की मी परत टेबलावर जाऊन एका निरपराध पेशंटला झाडलं.

रुग्णालयातून निघताना भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला दारात थांबवलं होतं. "जबड्याला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "यांना मनाच्या डॉक्टरांकडे न्या." त्यांनी पत्ता सांगितला. घरी मी तो विषय काढला तर दादा दुखावला. आमच्या घरात वेडे नाहीत, म्हणाला, आणि त्याच्या छातीत कळ आली. मी धाकट्याला दुसऱ्या दिवशी घेऊन गेले.

मनाचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर बसायचे. खोलीत एक लांब कोच, कोचाच्या डोक्याशी त्यांची खुर्ची, म्हणजे पेशंटला ते दिसू नयेत. खिडकीला जाड पडदा. डॉक्टरांची स्वतःची पाठ धरलेली असायची, म्हणून ते पाठीमागे एक गोल उशी घेऊन बसायचे. दुसऱ्याच्या मनात शिरून त्याची दुखणी काढणारा माणूस, आणि स्वतःच्या कण्याशी उशी लावून बसलेला. मला ते पहिल्याच दिवशी खटकलं. ते काही लिहून देत नसत, तपासत नसत, विचारतही फारसं नसत. धाकट्याने झोपायचं आणि मनात येईल ते बोलायचं. दात आवळून. बाहेर बाकावर बसून मला आत नुसतं "हं हं" ऐकू यायचं, आणि मध्ये लांबलचक शांतता.

एकदा त्यांनी मला आत बोलावलं. धाकटा लहानपणी कसा होता, म्हणून विचारलं.

"गुणी होता," मी म्हटलं.

"कधीपासून?"

हा काय प्रश्न झाला, असं वाटलं, पण उत्तर मला येत होतं. एका ठरावीक दिवसापासून; त्याआधी तो गुणी नव्हता. चारेक वर्षांचा असताना त्याने दादाच्या दंडाचा असा चावा घेतला होता की रक्त आलं. दादाने त्याचं काहीतरी हिसकावलं होतं. काय ते आता कोणालाच आठवत नाही. आईने धाकट्याच्या तोंडावर फडकं बांधलं आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसवलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं. फडकं सोडलं त्यानंतर तो कधी कोणाला चावला नाही, आणि उलटही कधी बोलला नाही. आई पुढे सगळ्यांना सांगायची, एका दिवसात सुधारला.

हे सगळं ऐकून डॉक्टरांनी पाठीमागची उशी नीट केली. मग म्हणाले, "त्यांचा जबडा बिघडलेला नाही. तो पहारा देतोय. बोलायला तोंड उघडलं तर आपण चावू, ही भीती. जे तोंडाने बोलता येत नाही ते मग शरीर बोलतं."

"हे बोलणं आहे होय?" मी म्हटलं. "माझ्या लेखी हा मुका बसलाय."

"मुकं बसणंही बोलणंच असतं."

आता अशा माणसाशी वाद कोण घालणार. ज्याला 'नाही'सुद्धा 'हो'च ऐकू येतं त्याच्यापुढे देवसुद्धा हात टेकेल.

"आणखी एक," ते म्हणाले, "या दुखण्यातून त्यांना काय मिळतं, तेही बघायला हवं. तुमच्या घराला काय मिळतं तेही."

मी तोऱ्यात म्हटलं, घराला नुसता ताप मिळतो. पण उतरताना जिन्यात मला ते लागलं. धाकट्याला दादाशी बोलावं लागत नव्हतं, हे मिळालं. धाकटा कुठे जात नव्हता. हे दादाला मिळालं. वहिनीला सूप करायला मिळत होतं, तर तिचं डोकं कित्येक दिवसांत ठणकलं नव्हतं. दादाची छातीही थंड होती. घराला एक आजारी माणूस लागतो, आणि तो आयता मिळाला होता. डॉक्टर बरोबर होते, आणि त्याचा मला फार राग आला. जे मी जिन्यात फुकट सांगितलं असतं ते त्यांनी पडदे लावून, महिन्यामागून महिने घालवून शोधून काढलं होतं. बरं, शोधून काढून जबडा उघडला का, तर तोही नाही.

तो उघडला तो भलत्याच कारणाने. एका दुपारी धाकटा कोचावर पडून दात आवळून काहीतरी सांगत होता, आणि मागून घोरण्याचा आवाज आला. डॉक्टरांना डुलकी लागली होती. धाकटा उठून बसला आणि ओरडला, "मी बोलतोय ना." पूर्ण तोंड उघडून. बाहेर बाकावर मी दचकले. त्याचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. पाठोपाठ तो आणखी बरंच बोलला. माझं कोणीच ऐकत नाही, तुम्हीही नाही, तुम्ही सगळे सारखे. डॉक्टरांनी म्हणे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा राग माझ्या एकट्यावरचा नाही. पण माझ्यावर काढलात, हे चांगलं झालं." कामावर झोपायचं आणि त्यालाच उपचार म्हणायचं, एवढी हिंमत मी दुसऱ्या कुठल्याही धंद्यात पाहिलेली नाही.

पण धाकटा खाली उतरला तो बोलत. कोपऱ्यापर्यंत बोलत होता. आमच्या गल्लीत वळलो तसे शब्द तुटायला लागले, आणि घराच्या पायऱ्यांवर त्याचा जबडा माझ्या डोळ्यांदेखत मिटला. नंतरही तेच. तिसऱ्या मजल्यावर उघडायचा, दादाच्या दारात मिटायचा. अशा माणसाला काय म्हणावं. मी त्याला त्याच पायऱ्यांवर भित्रा म्हटलं, गांडूळ म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. तो म्हणाला, "हं."

मित्राचा फोन माझ्याच टेबलावर आला. बिचारा चांगला माणूस. "किती थांबू सांगा," म्हणाला. "सोमवारपर्यंत हो आलं नाही तर मला दुसऱ्या कोणाला तरी घ्यावं लागेल." मी धाकट्याला निरोप दिला. त्याने डोळे मिटून मान हलवली. त्याच संध्याकाळी दादाने वेगळीच बातमी आणली. त्याचा एक शल्यविशारद मित्र जबड्याचा सांधा उघडून बघायला तयार झाला होता. मंगळवारी. कानापुढे कापायचं, हाड थोडं तासायचं. दादा हे असं सांगत होता की जणू धाकट्याला बक्षीस लागलं आहे. मी म्हटलं, "त्याला विचारलंस?" दादा म्हणाला, "त्याचं भलं मला कळत नाही का?" वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही उगाच त्यात पडू नका." पुतण्या म्हणाला, "आत्या, ही साधी प्रोसीजर आहे." मी धाकट्याकडे बघितलं. तो सूप पीत होता.

रविवार आला. टेबलावर पाव, मटण, बटाटे, आणि धाकट्यापुढे वाडगा आणि नळी. मी ठरवलं होतं की तो नाही बोलला तर मी बोलायचं. नाहीतरी मीच बोलते. पण मग माझ्या लक्षात आलं की मी बोलले तर तो आयुष्यभर माझ्या तोंडाने बोलेल, आणि दादाच्या जागी मी जाऊन बसेन. म्हणून मी गप्प बसले. मला इतकं अवघड काम दुसरं कधी पडलं नव्हतं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा दादाला मंगळवारची आठवण झाली. तो उठला, धाकट्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि मुलाला दाखवू लागला, कुठे कापतील, कुठे तासतील. पेशंटच्या चेहऱ्यावर बोट फिरवावं तसं बोट फिरवत होता. मग सवयीने त्याने दोन बोटं जबड्यावर ठेवली आणि म्हणाला, "उघड बघू."

धाकट्याने तोंड उघडलं. पूर्ण उघडलं, मागची दोन रिकामी भोकंसुद्धा मला दिसली. दादाची बोटं हवेत राहिली.

"हात काढ," धाकटा म्हणाला. शब्द स्वच्छ होते. "मी उद्या जातोय. दुकान काढलंय मित्राने. मला तिकडे काम करायचंय. माझं काही कापायचं नाही."

दादा खुर्ची धरत सोफ्यापर्यंत गेला, आणि त्याचा हात छातीवर गेला. कपाळावर घाम आला. वहिनी किंचाळली, पुतण्याने मनगट धरलं, पाण्याचा पेला कलंडला. कळ खरी होती. आमच्या घरातल्या सगळ्याच कळा खऱ्या असतात. पुतण्या म्हणाला, "नाडी ठीक आहे बाबा," पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं. वहिनी धाकट्याकडे बघत होती. पुतण्याही. दादासुद्धा, अर्ध्या मिटल्या डोळ्यांतून. आजवर अशा वेळी धाकटाच उठायचा. तोच गोळी आणायचा, तळवे चोळायचा, काहीतरी पुटपुटून माफी मागायचा, आणि सगळं पूर्ववत व्हायचं.

मी त्याच्या कानाखालचा स्नायू बघत होते. तो फुगला. मला वाटलं, मिटलं. संपलं सगळं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि मी रडणारी बाई नव्हे.

"गोळी वरच्या खणात आहे," धाकटा पुतण्याला म्हणाला. मग त्याने वाडगा बाजूला सारला, पावाचा तुकडा तोडला, त्यावर मटणाचा तुकडा ठेवला आणि तोंडात घातला. कित्येक महिन्यांत त्याने काही चावलं नव्हतं. त्याला ते जमत नव्हतं. दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, रिकाम्या दाढांच्या बाजूने घास सारखा घसरत होता. तो दुसऱ्या बाजूला न्यायचा आणि पुन्हा चावायचा. घरातला प्रत्येक जण त्याचा जबडा वरखाली होताना बघत होता. दादाला गोळी दिली गेली. त्याचा श्वास हळूहळू ठिकाणावर आला. छातीवरचा हात तिथेच होता, पण आता नुसता ठेवलेला.

"किती वाजता निघणार आहेस?" दादाने विचारलं. त्याने धाकट्याला काही विचारल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

धाकट्याने वर बघितलं. तोंडात घास होता. तो गिळायची त्याने घाई केली नाही. एक बोट वर करून त्याने दादाला थांबायची खूण केली आणि चावत राहिला.

दादा थांबला.